आवाज थांबला की थांबायचं

क्रेनवाले काका एकतीस वर्षं हवेत नोकरीला होते. हे ते स्वतःच सांगत, आणि समोरचा हसला नाही तर पुन्हा सांगत. बंदरातल्या उंच क्रेनच्या टोकाला काचेची एक खोली असते, न्हाणीघराएवढी. सकाळी डबा घेऊन शिडीने तिथे चढायचं आणि पाळी संपली की उतरायचं. इतक्या वरून सगळं बंदर दिसतं, पण जहाजाच्या पोटात काय चाललंय ते मात्र अजिबात दिसत नाही. त्यासाठी खाली एक माणूस उभा असतो आणि तो वॉकीटॉकीवरून वरच्याला सांगत राहतो.

सांगत राहतो, हे महत्त्वाचं. "खाली घे" असं एकदा म्हणून तो गप्प बसत नाही. "खाली, खाली, खाली, खाली" असं त्याचं चालूच असतं, आणि तो आवाज येतोय तोवरच वरच्याने ओझं सोडायचं. आवाज थांबला की थांबायचं. मग कारण काही का असेना. खालच्याला ठसका लागला असेल, बॅटरी संपली असेल, नाहीतर तो अशा कोपऱ्यात गेला असेल की चहूबाजूंच्या लोखंडाने आवाजच गिळून टाकला. वरच्याने डोकं चालवायचं नाही, अंदाज बांधायचा नाही, हात जिथे आहे तिथेच ठेवायचा.

काकांचा खालचा माणूस म्हणजे भोंगा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. एकदा या भोंग्याचा आवाज मध्येच बंद पडला, तेव्हा काका अवजड ओझं हवेत लटकत ठेवून दोन तास तस्से बसून राहिले होते. मुकादम खालून हातवारे करत होता, शिव्या तर त्याच्या ओठांवरून वाचता येत होत्या. काका हलले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांच्या क्रेनखाली कुणाला साधं खरचटलं नाही, ते या हट्टामुळेच. निवृत्तीच्या दिवशी मंडळींनी त्यांना त्यांचीच जुनी वॉकीटॉकीची जोडी भेट दिली. काकांनी ती कपाटात ठेवली आणि दर महिन्याला चार्ज करत राहिले. का, ते विचारायची सोय नव्हती.

काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, बाजूला निळ्या-पांढऱ्या कापडाचे गठ्ठे आणि तोंडाने अखंड बडबड. टाचण्या ओठांत धरूनही त्यांना बोलता येई. काका म्हणत, "दिवसभर भोंगा आणि संध्याकाळी ही. माझ्या कानांना सुटी कधी?" घरातही ऐकणारा वरचा माणूस कोण, हे मात्र शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं.

ती बडबड कमी झाली तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. पण कळलं नाही. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या तेव्हा सगळे हसले, काकूसुद्धा. दुसऱ्या खेपेला फक्त गिऱ्हाईक हसलं. पुढे पुढे काकू मशीनसमोर नुसत्याच बसून राहू लागल्या, हातात दोरा आणि चेहऱ्यावर, हा कुणी दिला आपल्याला, असा भाव. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विस्मरणाचा आजार आहे आणि तो मागे फिरत नाही, असं सरळ सांगून टाकलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पोरगेला वाटतो हा डॉक्टर." डॉक्टर चांगला पन्नाशीचा होता.

मग एके दिवशी काकू कोपऱ्यावर दोरा आणायला म्हणून गेल्या आणि चार तासांनी लेकीच्या जुन्या शाळेच्या फाटकाशी सापडल्या. शाळा सुटायची वाट बघत उभ्या होत्या. त्या लेकीचे आता केस पिकू लागले होते.

लेक दुसऱ्या शहरात असते. धावत आली. अशा आजाऱ्यांना सांभाळणारी एक संस्था तिने आधीच बघून ठेवली होती. स्वच्छ खोल्या, भरपूर उजेड, मायेने बोलणारी माणसं. तिथे एक जागा रिकामी होत होती आणि येत्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. काका भडकले. "पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला परक्यांच्या हातात देऊ?"

"परके तर आपणही होत चाललोय, बाबा," लेक म्हणाली. म्हणाली आणि तिलाच रडू फुटलं.

त्यात याच आठवड्यातली क्रूझ आडवी आली. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी लेकीने वर्षभर आधीच पाच दिवसांच्या सफरीची तिकिटं काढून ठेवली होती. आता ती रद्द करायची म्हणाली. काकांनी तिथेच पाय रोवला. "रद्द करायचं नाही. हे पाच दिवस मी एकटा तिला सांभाळतो. एकदाही हरवली नाही, तर ती घरीच राहील आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. हरवली, तर तू म्हणशील तसं."

"आणि हरवली तर खरं सांगाल?"

"मी आजवर तुझ्याशी खोटं बोललोय?"

लेकीने होकार दिला. बापाला नाही म्हणणं तिला लहानपणापासून जमलेलं नाही. ठरलं ते ठरलं. काकांनी कपाटातून वॉकीटॉकीची जोडी काढली, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि काकूंच्या गळ्यात अडकवायला गणवेशाच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी स्वतःच्या हाताने शिवली. काकू बरंच काही विसरल्या होत्या, पण ते टाके बघून त्यांनी नाक मुरडलं. काकांना त्या दिवशी केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

जहाज म्हणजे बारा मजल्यांची इमारतच होती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, सारखे गालिचे. धडधाकट माणसंही आपली खोली शोधत फिरत होती. दारावरच्या पहारेकऱ्याने वॉकीटॉकी उलटसुलट करून बघितली आणि, आमच्या चॅनेलवर येऊ नका, म्हणजे झालं, म्हणून सोडून दिलं. खोलीत सामान ठेवल्याबरोबर काकांनी शिकवणी सुरू केली.

"हे बटण दाबून बोलायचं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणून सोडायचं आणि ऐकायचं. लांब असलो की बोलत राहायचं, कुठे आहेस, काय करतेस. आणि माझा आवाज थांबला की काय करायचं?"

"थांबायचं."

"कुठे?"

"जिथे असेन तिथे."

"आणि?"

"एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मी काय लहान आहे का हो?"

पाढे म्हणून घ्यावेत तसं त्यांनी ते सकाळ-संध्याकाळ म्हणून घेतलं. आणि एक नवल घडलं. समोरासमोर बसल्या की काकू शब्द शोधत राहायच्या, निम्मं वाक्य बोलून हरवायच्या. यंत्र हातात आलं की मात्र त्यांना जुना सूर सापडायचा. काका मुद्दाम पोहण्याच्या तलावाच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे आणि पलीकडून ती बडबड यायची, थेट मशीनवर बसल्यासारखी.

"अहो, ऐकताय ना? ओव्हर."

"ऐकतोय. काय करतेयस?"

"बसलेय. एक बाई टोपी सांभाळतेय. उडणार बघा तिची टोपी. उडाली! सांगत होते ना? ओव्हर."

काका एकटेच हसत उभे. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, म्हातारा जरा सैल आहे. वाटो बापडं. दोन वर्षांनी बायको त्यांच्याशी गप्पा मारत होती. त्या दिवशी त्यांनी लेकीला निरोप पाठवला, "सगळं छान. काळजी नको." दुसऱ्या दिवशीही तोच निरोप गेला. मनातल्या मनात त्यांनी संस्थेला कधीच नाही कळवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या खिडकीवर कागदांवर सही करायला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी जहाज एका बंदराला लागणार होतं, त्याची ती परवानगी. तिथे लांब रांग होती, म्हणून काकांनी काकूंना वरच्या मोकळ्या मजल्यावर खुर्चीत बसवलं. "दहा मिनिटांत येतो. बोलत राहा." काकू बोलत राहिल्या. काका जिना उतरत होते आणि कानाशी काकू चालू होत्या: बसलेय, ऊन आहे, वारा आहे, पाणी निळं आहे, अहो मला जरा बाथरूमला जायचंय, जाऊ का, इथेच आहे, दार दिसतंय.

"जा, पण बोलत जा," काका म्हणाले. तेवढ्यात ते जिन्याच्या चौथ्या मजल्यावर आले आणि आवाज तुटला. नुसती खरखर.

काका थांबले. एक हात कठड्यावर, एक पाय खालच्या पायरीवर. "अगं? ऐकतेस ना?" खरखर. मालाचं जहाज असो की सफरीचं, लोखंड ते लोखंडच. हे काकांइतकं कुणाला माहीत होतं? पण माहीत असणं वेगळं आणि अंगात मुरलेलं वेगळं. एकतीस वर्षांत असं झालं की काका हललेच नव्हते. आवाज आपोआप परत यायचा.

इथे त्यांची चूक झाली. तो आवाज आपोआप कधीच परत आलेला नव्हता. तो परत आणायला दर वेळी भोंगा धडपडायचा. तो जहाजाच्या पोटातून शिड्या चढून उघड्यावर यायचा, दोन्ही हात वर करून यंत्र धरायचा, नाहीच जमलं तर क्रेनखाली येऊन बोंब मारायचा. आवाज थांबला की वरच्याने थांबायचं, हा नियम अर्धाच होता. उरलेला अर्धा म्हणजे खालच्याने धावायचं, आणि तो भोंग्याचा होता. काकांना तो कधी पाळावा लागला नव्हता, म्हणून त्यांनी काकूंनाही तो शिकवला नव्हता. दोघंही वरचीच माणसं झाली. खाली कुणी उरलंच नाही.

पहिली दहा मिनिटं सवयीत गेली. पण पुढचा तास कशात गेला, ते काकांनाच ठाऊक. शेजारून जहाजाचे कर्मचारी जात-येत होते. एकाला थांबवून, माझी बायको वर आहे, जरा बघता का, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण म्हटलं की नोंद होणार, नोंद झाली की तिकिटाच्या अर्जावर लेकीचा नंबर होता, तिला फोन जाणार. मग हरवली असं ठरणार. काकांनी स्वतःला समजावलं की ती हरवलेली नाही, फक्त आवाज येत नाहीये. मी जागा सोडली आणि ती इथे आली तर? असं म्हणत ते त्या पायरीवर उभे राहिले. सव्वा तास.

शेवटी त्यांच्या खोलीची आवराआवर करणारी बाई जिन्याने धावत खाली आली. ती काकांनाच शोधत होती. "अहो, तुम्ही इथे काय करताय? तुमच्या बाई वर उभ्या आहेत. हलतच नाहीत."

काका सात मजले चढले. कसे चढले ते त्यांच्या गुडघ्यांना विचारा. वर बाथरूमच्या दारापासून दहा पावलांवर, कठड्यालगतच्या अरुंद वाटेवर काकू उभ्या होत्या. एक पाय पुढे, एक मागे, यंत्र छातीशी धरलेलं. त्या बाजूला वाऱ्याने पाण्याचे तुषार येत होते. केस भिजून कपाळाला चिकटले होते. ओठ थरथरत होते. कंबरेभोवती कुणीतरी टॉवेल गुंडाळला होता. "त्यांना जायचं होतं, पण त्या हलेनात. मग तिथेच..." आवरणारी बाई हळू आवाजात म्हणाली आणि पुढचं बोलली नाही.

दार दहा पावलांवर होतं. ते काकूंना दिसत होतं. तरी त्या हलल्या नव्हत्या. सगळं विसरणाऱ्या त्या बाईने नवऱ्याने सांगितलेली ही एक गोष्ट लक्षात ठेवली होती.

काकांनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "चल गं. चल, आधी आत चल."

काकूंनी दंड सोडवून घेतला. तुटकपणे नाही, अनोळखी माणसाशी वागावं तसं, सभ्यपणे. "माफ करा हं, मला हलता येणार नाही. माझ्या मिस्टरांचा आवाज थांबलाय. आवाज थांबला की थांबायचं, असं त्यांनी सांगितलंय."

"अगं, मीच आहे."

"ते येतीलच. तुम्ही जा."

 काकांनी आवरणाऱ्या बाईकडे बघितलं, तर तिने मान दुसरीकडे वळवली होती. मग काका पाच पावलं मागे गेले, जिन्याच्या खांबाआड उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं.

"ऐकतेस ना? मी बोलतोय."

काकूंचा चेहरा असा उजळला की बघवेना. "अहो! कुठे होतात इतका वेळ? किती वाट बघायची माणसाने? ओव्हर."

"चुकलो. आता मी सांगतो तसं कर. पाऊल टाक. पुढे. पुढे, पुढे, पुढे. थांब. डावीकडे वळ. आता पुढे. पुढे, पुढे..."

काकू चालू लागल्या. काका खांबाआडून, दाराआडून, बोळाच्या वळणाआडून बघत सांगत राहिले. जन्मभर त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं होतं, सांगितलं कधीच नव्हतं. सांगताना जीभ कोरडी पडते आणि एक क्षण थांबायची भीती वाटते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. बिचारा भोंगा एकतीस वर्षं हे करत होता, आणि आपण त्याच्या आवाजाची टिंगल करत होतो. लिफ्टमध्ये आवरणारी बाई काकूंबरोबर गेली. खोलीपर्यंत काका जिन्याने उतरले. बाईने काकूंना गरम पाण्याने आंघोळ घातली, कोरडे कपडे चढवले, आणि तोवर काका बोळात भिंतीला टेकून बसून राहिले.

आता तुम्हाला वाटेल, इथे सगळं संपलं. पण हा आजार मोठा खोडसाळ. संध्याकाळी जेवताना काकूंनी काकांच्या ताटाकडे बघून झटक्यात म्हटलं, "अहो, अळणी आहे हे. तुम्हाला कळतच नाही कधी." आणि स्वतःच मीठ घातलं. दुपारचं त्यांना काही आठवत नव्हतं. आवरणाऱ्या बाईने कुठे नोंद केली नव्हती. काकांच्या लक्षात आलं की लेकीला हे सांगणारं जगात कुणी नाही. सगळं छान, काळजी नको, एवढंच पुन्हा लिहायचं होतं. त्यांनी फोन हातात घेतला, चार शब्द लिहिले आणि तसेच ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बंदराला लागलं आणि लेकीचाच फोन आला. काका आणि काकू धक्क्यावरच्या एका बाकावर बसले होते. समोर एक क्रेन काम करत होती. काका तिच्याकडे बघतही नव्हते.

"बाबा, काल निरोप नाही आला. ठीक आहात ना दोघं?"

"हो."

"आई एकदाही हरवली नाही ना?"

काकांनी शेजारी बघितलं. काकू पाण्याकडे बघत होत्या. अंगावर कोरडी शाल, केस नीट विंचरलेले. कालची कसलीच खूण नव्हती.

"हरवली," काका म्हणाले.

 लेकीने विचारलं, "किती वेळ?"

"सव्वा तास. ती हरवली नव्हती गं, ती बिचारी सांगितलं तिथेच उभी होती. भिजली, घाण झाली, तरी उभी. मी शोधायला गेलो नाही. मी जिन्यात उभा होतो. पहिल्यांदा सवयीने, आणि मग तुला कळेल म्हणून. तुझ्याशी लावलेली पैज जिंकायला मी तिला सव्वा तास तसं उभं ठेवलं."

"बाबा..."

"तिने मला ओळखलं नाही. त्या जागेला हो कळव. आजच कळव, सोमवारची वाट बघू नकोस. नाहीतर मी परत काहीतरी शक्कल काढेन."

लेक रडत होती. काकांनी तिला रडू दिलं. मग जेवलीस का, मुलं कशी आहेत, असलं काहीतरी विचारून फोन ठेवला आणि चष्मा काढून तळव्याने डोळे दाबत बसले. इतक्या वर्षांत त्यांना असं उघड्यावर रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"कोण होतं हो फोनवर?" शेजारून काकूंनी विचारलं.

"मुलगी."

"तुमची?"

 "हो. माझी."

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे. चांगली आहे खूप."

"मग असं रडू नये," काकू म्हणाल्या. त्यांनी शालीखाली हात घालून इकडेतिकडे चाचपलं आणि एक मोठा पुरुषी रुमाल काढून काकांपुढे धरला. "घ्या. माझ्या मिस्टरांचा आहे, पण ते काही म्हणायचे नाहीत. फक्त आठवणीने परत द्या हं."

काकांनी डोळे पुसले, रुमालाची नीट घडी घातली आणि परत दिला.